नोव्हाचा दम कोंडला कुणी?

"पळव! पळव ना गं आत्या!" मार्लिस कठड्यावर चढून बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

हिरवी नोव्हा गाडी सुटली तर झकास! मागच्या चाकांनी धूर काढला, नाक वर केलं, आणि पन्नास पावलांवर... फुस्स! शेजारची लाल गाडी भुर्रकन निघून गेली. नोव्हा मात्र अंडी आणायला निघाल्यासारखी रमतगमत पाव मैल पार करून आली. फलकावर आकडा लागला. तेरा सेकंद!

"आपली शाळेची बस बारा सेकंदांत जाते," मार्लिसचा मित्र डेस्मंड म्हणाला.

"थोबाड बंद कर!" मार्लिसचा मावसभाऊ टकर खेकसला. पण त्याचंही तोंड एवढंसं झालं होतं.

होणारच! ही सन सहासष्टची गाडी. मार्लिसच्या आजोबांनी ती चाळीस वर्षं चर्चला नेली. मग त्यांची दोन मुलं, व्हर्जिलकाका आणि ग्वेनआत्या, तीन हिवाळे तिच्या मागे लागली. जुनं इंजिन उतरवून आठ सिलिंडरचं धूड बसवलं. मागचा सांगाडा कापून नवा जोडला. आणि टर्बो! चांगला भोपळ्याएवढा! इंजिनाच्याच धुराने त्याचा पंखा फिरतो आणि बाहेरची हवा कोंबकोंबून इंजिनाला भरवतो. जेवढी हवा जास्त, तेवढी ताकद जास्त. बाहेरून मात्र गाडी तीच. आजोबांच्या हाताने झिजलेली दाराची मूठसुद्धा कुणी बदलली नव्हती.

आजच्या धावा निवडीच्या होत्या; रविवारच्या शर्यतीत सर्वांत वेगवान सोळाच गाड्या घेणार होते. सोळाव्या गाडीची वेळ होती साडेनऊ सेकंद. आता चार वाजता शेवटची संधी. नाही जमलं तर नोव्हा ट्रेलरवर चढणार आणि तीन हिवाळ्यांची मेहनत पाण्यात जाणार!

तंबूत मोठ्यांची जुंपली होती.

"पेट्रोलच भिकार आहे!" काका.

"पेट्रोल कसलं? इंजिनासाठी तू लॅपटॉपमध्ये भरलेले आकडे भिकार आहेत!" आत्या.

"चालवणारी नीट असेल तर आकडे नीटच असतात!"

आजोबा घडीच्या खुर्चीत बसून टोपीने वारा घेत होते. मुलं दोरीच्या अलीकडे. सोळा वर्षांखालच्यांनी गाडीला हात लावायचा नाही, हा काकांचा कायदा!

काकांनी इंजिन रेस केलं. सगळ्यांचे डोळे लॅपटॉपवर. मार्लिसचे मात्र गाडीवर. तोंडात मिल्कशेकची कागदी नळी होती. शेक इतका घट्ट की नळीच चपटी झाली. आणि ती एकदम थबकली.

"ए, तिकडे बघा! टर्बोच्या तोंडाला तो काळा रबरी पाइप आहे ना? त्याचे गाल आत जातायत! माझ्या नळीसारखे!"

"म्हणजे पुढे काहीतरी घट्ट अडकलंय!" डेस्मंड उडालाच.

"काका, त्या पाइपाचे गाल..."

"मार्लिस, दोरीच्या मागे! मोठी माणसं काम करतायत. जा, सरबत आण!"

मोठी माणसं म्हणे! साडेतीन वाजून गेले होते.

मार्लिसची नजर गाडीशेजारच्या चुंबकाच्या ताटलीवर गेली. टर्बोवरचा पत्रा काढला होता, त्याचे आठ नट तिच्यात होते. काका-आत्याच्या गॅरेजात एक नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळला जायचा. काढलेले नट मोजून परत लावायचे. एक जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही!

"गाडीला हात लावायचा नाही," मार्लिस हळूच म्हणाली. "ताटली थोडीच गाडी आहे?"

टकरने लगेच बोंब ठोकली. "काका! पाठीवर गांधीलमाशी! ही एवढी!"

"कुठे? काढ! काढ तिला!" काकांनी असा काही नाच केला की शेजारच्या तंबूतून टाळ्या आल्या. तेवढ्यात मार्लिसने दोरीखालून हात घातला आणि एक नट मुठीत घेतला.

थोड्या वेळाने काका नट मोजायला बसले. "पाच, सहा, सात... सात?" पुन्हा मोजले. सातच! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ग्वेन, नट टर्बोत गेला असेल तर पंख्याचा भुगा होईल!"

"आधी पाइप खोल! खोल लवकर!"

पुढची जाळी निघाली. रबरी पाइप निघाला. काकांनी धातूच्या नळीत बोटं घातली आणि ओढलं. आतल्या सेन्सरच्या दांडीत अडकलेला एक ओलाकिच्च बोळा बाहेर आला. त्यावर पिवळी बदकं!



"हा... हा माझा जुना पायजमा आहे," काका पुटपुटले.

"गुरुवारी बंपर कापला तेव्हा लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून तूच बोळा कोंबला होतास!"

"तू काढलास असं वाटलं मला!"

"आणि मला वाटलं, तू काढलास!"

"शाब्बास!" आजोबा म्हणाले. "नट मोजता, चिंध्या कोण मोजणार? हा टर्बोत गेला असता तर काय उरलं असतं?"

मार्लिसने मूठ उघडली. "आठवा नट. मीच घेतला होता. तुम्ही ऐकतच नव्हता ना!"

काकांनी तोंड उघडलं. नटाकडे पाहिलं. बदकांकडे पाहिलं. मग नट उचलून ताटलीत टाकला.

"रागवायचं नंतर!" आत्या हेल्मेट चढवत ओरडली. "हातोहात लावा सगळं! टकर, डेस्मंड, पाने द्या!"

कायदा गेला उडत!

चार वाजता दिवा हिरवा झाला. या वेळी आवाजच वेगळा! आधी घुरघुर, मग शीळ, मग अशी डरकाळी की कठडा हातात थरथरला. नोव्हाने नाक उचललं आणि गोफणीतून सुटल्यासारखी निघाली. आजोबा खुर्चीवरून उठून चक्क उड्या मारत होते. फलक लुकलुकला. नऊ पूर्णांक एकतीस!

"चौदावी! आपण चौदावे!" तिघांनी एकमेकांना इतकं बडवलं की विचारू नका.

आत्याने उतरल्या उतरल्या मार्लिसला उचलून गरागरा फिरवलं. "पोरी, तीन वर्षं आम्ही गाडी बांधली. पण तिला श्वास दिलात तुम्ही तिघांनी!"

रविवारी सकाळी काकांनी बुटाच्या पांढऱ्या पॉलिशची बाटली आणली. मागच्या काचेवर गाडीच्या माणसांची नावं लिहायची होती. ते वाकून बराच वेळ लिहीत राहिले. मुलं धावत बघायला गेली. पहिलं नाव मार्लिस. मग टकर, मग डेस्मंड. त्याखाली आजोबा आणि आत्या.

व्हर्जिलकाकांनी आपलं नाव सगळ्यांच्या खाली लिहिलं होतं, आणि सगळ्यांत छोट्या अक्षरांत.