सुखतापमान

बाहेर एकोणपन्नास अंश तापमान होते. नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर मात्र तेविसाचा आकडा होता आणि डॉ. यशोधरा खोब्रागडे त्याच्याकडे डोळे लावून बसली होती. तेवीस अंश हे जमिनीखालच्या पाण्याचे तापमान होते. चंद्रपूरच्या पलीकडची हिवरटोली ही खाणकामगारांची वस्ती. कोळसा संपला, खाण बंद झाली, बोगद्यांत पाणी भरले, आणि आता त्या पाण्याच्या जिवावर वस्तीतली सहाशे घरे उन्हाळा काढत होती. ही करामत यशोधराची. तिचे वडील याच खाणीत खपले होते, त्यामुळे खाणीकडून काहीतरी वसूल करायचेच असे तिने शाळेत असतानाच ठरवले होते.

राज्याच्या उष्मारक्षण मंडळाचे डॉ. समीरण केळकर त्या सकाळी पुण्याहून आले होते. आल्यापासून ओला रुमाल त्यांच्या मानेवरून हलला नव्हता. विदर्भात नवा आलेला माणूस असाच ओळखू येतो. पण माणूस सरळ होता आणि गणितात पक्का होता.

"वाचलंय सगळं," ते म्हणाले, "पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"उष्णता नाहीशी करता येत नाही, सर. ती फक्त दुसरीकडे ठेवता येते. एसी ती गल्लीत टाकतो, म्हणजे शेजाऱ्याच्या घरात. आम्ही खाणीत ठेवतो. प्रत्येक घराच्या फरशीखाली नळ्या आहेत. खाणीतलं गार पाणी त्यांतून फिरतं, घरातली उष्णता घेतं आणि परत खाली जातं. पंपांना गच्चीवरची सौरवीज पुरते."

"म्हणजे खाण दरवर्षी तापत जाणार."

"जाईलच. म्हणून हिवाळ्यात उलटं करायचं. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळपासून दारं-खिडक्या सताड उघडी टाकायची आणि तेच पाणी फरशीखालून फिरवायचं. पाण्यातली उष्णता बाहेरच्या गारठ्यात निघून जाते. याला आम्ही शीतभरण म्हणतो."

"आणि घरातली माणसं?"

"कुडकुडतात," यशोधरा म्हणाली, आणि हे सांगताना तिची मान ताठ झाली. सतरा हिवाळे ही वस्ती तिच्या शब्दाखातर कुडकुडली होती. एकानेही खिडकी लावून घेतली नव्हती.

दहा किलोमीटरवरच्या शीतलनगरची गोष्ट वेगळी होती. तिथल्या जुन्या खाणीवर हीच योजना नंतर थाटामाटात झाली, फलक लागले, पण शीतभरणाचा त्रास कोणी घेतला नाही. पाणी आपोआप गार राहते अशी तिथल्यांची समजूत होती. उलट थंडीत खिडक्या उघडून बसणाऱ्या हिवरटोलीची त्यांनी वर्षानुवर्षे टिंगल केली. यशोधराची सख्खी काकू प्रमिला त्यात सगळ्यांच्या पुढे. या सोमवारी शीतलनगरच्या खाणीतले पाणी छत्तीस अंशांवर गेले आणि घरे भट्टी झाली. तिथल्या अडीच हजार माणसांना हिवरटोली आपल्या घरांत घेईल का, हे जिल्हाधिकाऱ्यांना संध्याकाळपर्यंत कळायला हवे होते. नाही म्हटले तर त्यांना ट्रकमध्ये घालून दूरच्या छावणीत न्यायचे. गेल्या वर्षी अशाच प्रवासात माणसे दगावली होती.

केळकरांनी गणित मांडले. फरशीतल्या पाण्याने काम करायचे तर ते खोलीपेक्षा निदान तीन अंशांनी गार असायला हवे. घर अठ्ठाविसावर ठेवायचे म्हणजे पाणी फार तर पंचविसापर्यंत चालणार. आज ते तेवीस होते. हातात उरली दोन अंशांची थंडी, आणि ती हिवरटोलीला पावसापर्यंत जेमतेम पुरणार होती. माणसे दुप्पट झाली, त्यांच्या अंगाची ऊब आणि दारांची उघडझाप वाढली, की ती पंधरवड्यात संपणार.

"आणि घर अठ्ठाविसाच्या वर गेलं की मंडळाच्या नियमानुसार वस्ती असुरक्षित. मग मलाच ती रिकामी करायचा आदेश काढावा लागेल. अडीच हजारांऐवजी पाच हजार माणसं ट्रकमध्ये. मॅडम, मी तुमच्या जागी असतो तर नाही म्हटलं असतं."

अठ्ठाविसाला मंडळाच्या भाषेत सुखतापमान म्हणतात. शंभरातल्या ऐंशी रहिवाशांना ज्या तापमानात गरमही वाटत नाही आणि गारही वाटत नाही, ते सुखतापमान. यशोधराला ही व्याख्या तोंडपाठ होती. तिने सगळी यंत्रणा त्या आकड्यावरच बेतली होती. उद्घाटनाच्या दिवशी तिने वस्तीला शब्दही दिला होता, की कितीही ऊन पडो, हिवरटोलीला घर सोडायची वेळ येणार नाही. आता काय करावे ते तिला कळेना.

अकरा वाजता समाजमंदिरात सभा बसली. तिने काहीही न लपवता गणित सांगितले. सभेत आधी शीतलनगरचा उद्धार झाला. इतकी वर्षे हसले ना, आता घ्या म्हणावे ऊन अंगावर, असे चारदोघांनी बोलून दाखवले आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मग यशोधराची आई, रंजनाबाई, गुडघ्यांवर हात टेकत उठली. सभेत बोलायची तिला सवय नव्हती.

"हे थंडी आमी हिवाळाभर कुडकुडून भरली. ते आमची हाय. आमची हाय म्हणूनच आमाले देता येते," ती म्हणाली. "गणित माही पोरगी पाहीन. दारावर आलेल्या माणसाले या वस्तीनं आजवर परत नाई पाठवलं, आन् आता बी नाई पाठवणार."

बोलावा त्यांना, असे ठरले. यशोधराला आईचा अभिमान वाटला आणि तितकीच भीतीही वाटली, कारण गणितात काही पाहण्यासारखे उरलेच नव्हते. तिने जिल्हाधिकाऱ्यांना होकार कळवला आणि केळकरांना घेऊन, सावली धरत धरत, आईच्या घरी निघाली.

एरवी ती खाणीजवळच्या निवासात राही आणि घरी यायचे तर आधी कळवून येई. आज कळवायचे राहिले. दार उघडेच होते. आत रंजनाबाई पाहुण्यांसाठी अंथरुणे काढत होती, म्हणजे जमिनीवरूनच उचलत होती. वर गोधडी, तिच्याखाली सतरंजी, सतरंजीखाली आणखी एक, मग घोंगडी, आणि सगळ्यांत खाली गोणपाट. मायलेकींची नजरानजर झाली आणि आईने हातातली घोंगडी उगाचच पाठीमागे धरली.

"हे काय, आई?"

"काई नाई. वाळू घालत होतो."

"घरात?"

रंजनाबाईने केळकरांकडे पाहिले, लेकीकडे पाहिले आणि खाटेवर बसली. "गार लागते वं," ती हळूच म्हणाली. "लय गार लागते. गुडघे धरतात माहे. तू येतो म्हणली का मी उचलून ठेवतो सारं."

"सतरा वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"काहून सांगू? वस्तीतली पहिली डॉक्टर तू. तुह्या फरशीले नावं ठेवू? सारेच अंथरतात. नागपूरचे पाव्हणे आले का त्यायले मे महिन्यात स्वेटर देतो आमी, आन् सांगतो का हे आमच्या यशूनं केलं."

यशोधराला हसावे की रडावे ते कळेना. मग तिला रडूच आले. अख्ख्या वस्तीने मिळून तिच्यापासून एक गोष्ट लपवली होती, आणि ती लपवली होती कौतुकापोटी. वर गंमत अशी, की माणसे जाड अंथरत, त्यामुळे फरशीची थंडी खोलीत पोहोचत नसे. मग यंत्र खोली अठ्ठाविसावर आणायला आणखी गार पाणी ओढी, आणि माणसे आणखी एक सतरंजी घालत. सतरा वर्षे यंत्र आणि वस्ती अशी एकमेकांशी इमानेइतबारे भांडत होती.

केळकरांच्या मानेवरचा रुमाल पहिल्यांदाच खाली आला. ते खोलीच्या मधोमध उभे राहून स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "अठ्ठावीस हा आकडा कुठून आला, माहीत आहे? परदेशातल्या एका प्रयोगातून. वातानुकूलित वर्गात बसणारे विद्यार्थी होते ते. आम्ही त्यात दोनतीन अंश वाढवले आणि इथे लावले. पण व्याख्येत रहिवासी असं म्हटलंय, मॅडम. रहिवाशांना कोणी विचारलंच नाही."

"मग आता विचारू," यशोधरा डोळे पुसत म्हणाली.

तासाभरात समाजमंदिर पुन्हा भरले. फरशीखालचे पाणी चालूच होते आणि भिंतीवरचा आकडा अठ्ठावीस दाखवत होता. कोणाकोणाला गार वाटते, असे केळकरांनी विचारले. एकही हात वर झाला नाही. सगळे यशोधराकडे बघून प्रेमाने मान हलवत होते. शेवटी रंजनाबाईने उठून सगळ्यांना झापले, पोरीची लाज राखता राखता तिचाच शब्द बुडवता काय म्हणून, आणि पहिला हात स्वतः वर केला. मग एकेक करत जवळजवळ सगळी सभा हात वर करून उभी राहिली. यशोधराने पाणी कमी केले, आणि खोली तापत गेली तसे केळकर तोच प्रश्न पुन्हा विचारत गेले. एकतीस झाले, तरी निम्मे हात वरच होते. तेहतीस झाले, पंखे फिरत होते, आणि हात खाली आले. गरम होते का, असे केळकरांनी विचारले तेव्हा दहाएक जणांनीच हो म्हटले. त्यात एक केळकर स्वतः होते.

बाकीचे गणित केळकरांनी समाजमंदिरातल्या फळ्यावरच केले. हिवरटोलीचे सुखतापमान तेहतीस. घर तेहतिसावर ठेवायचे तर पाणी तिसापर्यंत चालते. म्हणजे तेविसापासून दोन नव्हे, सात अंशांची थंडी हातात होती. शिवाय घर आणि बाहेर यांतला फरक घटला की बाहेरची उष्णता आत शिरते तीही कमी. खाणीत एक थेंबही गार पाणी वाढले नव्हते, पण पुरवठा पाचपटीने लांबला होता. अडीच हजार काय, आणखी एक वस्ती आली असती तरी पाऊस येईपर्यंत निभावले असते. तान्ही बाळे, बाळंतिणी आणि आजारी यांच्यासाठी शाळेची इमारत अठ्ठाविसावरच ठेवायची, आणि पाणी पंचविसाच्या वर गेले की तेवढ्या एका इमारतीला एसी लावायचा, असे ठरले. केळकरांनी खडू खाली ठेवला आणि व्याख्येला धरून हिवरटोलीपुरता नियमातला आकडा बदलल्याचे तिथल्या तिथे मंडळाला कळवले.

संध्याकाळी शीतलनगरची माणसे आली. हिवरटोलीने कोणालाच टोमणा मारला नाही, निदान पहिल्या दिवशी तरी. केळकर हट्टाने रंजनाबाईच्याच घरी उतरले होते. आपण ठरवलेल्या आकड्यात आपण राहून दाखवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घेरी आली. मग त्यांना उचलून शाळेत नेले, आणि उष्मारक्षण मंडळाचे वरिष्ठ शास्त्रज्ञ पाऊस येईपर्यंत पाळण्यांच्या रांगेशेजारी पंचा गुंडाळून राहिले. त्यांनीही ते हसत मान्य केले. शंभरातले वीस असतात ते असे, म्हणाले.

जून अर्धा सरला तेव्हा पाऊस आला. त्या दिवशी खाणीतले पाणी सत्तावीस होते. अजून तीन अंशांची थंडी शिल्लक होती.

पण यशोधराच्या मनात राहिली ती त्याआधीची एक दुपार. बाहेर ऊन नुसते पेटले होते आणि ती न कळवता घरी गेली होती. सतरंज्या, गोधड्या, घोंगडी, सगळे पाहुण्यांच्या खाटांवर गेले होते. सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात फरशी दिसत होती. तिच्यावर काहीही न अंथरता रंजनाबाई उताणी पहुडली होती, तळपाय जमिनीला टेकवून, आणि शेजारी प्रमिलाकाकू.

"येत्या थंडीत आमी बी उघडतो खिडक्या," काकू सांगत होती. "कुडकुडलो तरी चालते."

"उघडजो," रंजनाबाई म्हणाली. "पण आपल्या पोरीनं केलं म्हणून गप नोको बसजो. दुखलं का सांगजो."

मग तिला दारातली लेक दिसली. ती उठली नाही. फक्त जरा सरकली आणि शेजारच्या मोकळ्या फरशीवर तिने तळहाताने दोनदा थापटले.

"ये, टेक पाठ," ती म्हणाली. "आता झाली तुही फरशी चांगली."