बासष्ट गार ओटे

चंद्रपुरातल्या त्या गल्लीत मे महिन्याच्या भर दुपारी बासष्टच्या बासष्ट घरांची दारं सताड उघडी होती. पारा अठ्ठेचाळीसवर होता, तरी रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या रसिका येरगुडेला प्रत्येक घरासमोर गार झुळूक लागत होती. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. रसिकाच्या कपाळावरच्या आठ्या मात्र वाढत चालल्या होत्या.

ही झुळूक तिच्याच मेहनतीची. शीतपट नावाचा पातळ पत्रा तिच्या गटानं तयार केला होता. तो छताला लावायचा आणि त्यातून थोडी वीज सोडायची, की खालची उष्णता शोषून तो वरच्या बाजूनं बाहेर टाकायचा. एसीच्या आठव्या हिश्श्याच्या विजेत तेवढाच गारवा! लोकांनी त्याचं नाव ‘गारपत्रा’ करून टाकलं, तेव्हाच रसिकाला कळलं की हा चालणार. चाचणीसाठी निवडलेल्या या गल्लीचा वीजवापर पहिल्या उन्हाळ्यात धाडकन उतरला. पण तिसऱ्या उन्हाळ्यात तो पुन्हा एसीच्या काळाइतका झाला. पत्रे तर ठणठणीत होते, मग वाचलेली वीज जात होती कुठे? ते कळलं नाही आणि वापर उतरला नाही, तर टिनाच्या छपराखाली राहणाऱ्या चाळीस हजार घरांना शीतपट देण्याची योजना गुंडाळली जाणार होती. त्या घरांत दर उन्हाळ्यात माणसं मरत होती.

चौदा नंबरच्या घरापाशी ती थांबली. ओट्यावर पाण्याचा माठ होता, आणि वर, उघड्या ओट्याच्या छपराला, गारपत्रा. खाली एक पार्सलवाला डोळे मिटून बसला होता, भाजीवाली टोपली उशाशी घेऊन आडवी झाली होती. घराच्या मालकीणबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका कौसल्याबाई मत्ते, त्यांना पाणी देत होत्या.

“मावशी, पत्रा बाहेर कसा?”

“आतबी हाय की. हा येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. वीज तं कमीच लागते म्हणतेस ना तू?”

रसिकानं गल्लीभर नजर टाकली. प्रत्येक ओट्यावर माठ होता, वर पत्रा होता, आणि बहुतेक ओटे रिकामे होते.

“माया ओट्यावर माणसं बसाले लागले,” कौसल्याबाई म्हणाल्या, “तं समोरच्या इंदूनंबी लावला. मंग साऱ्यायनंच. आपल्या दारचा माणूस दुसऱ्याच्या दारी जाऊन बसला तं बरं दिसते का?”

रसिकाला हसू आलं. उधळपट्टी शोधायला आलेल्या तिला इथे माणुसकीची चढाओढ सापडली होती.

“मावशी, माठ भरून ठेवला आणि कुणी आलं नाही, तर पाणी माठातच राहतं. गारवा राहत नाही. रिकाम्या ओट्यावरचा पत्रा अख्खं आभाळ गार करत घरातल्याच्या कैक पट वीज खात बसतो.”

तेवढ्यात तिच्या वरिष्ठांचा, देवतळे साहेबांचा फोन आला. “उघड्यावरचे पत्रे दुरूनच बंद करता येतात. करून टाक.”

“पाच वाजेपर्यंत थांबा, सर.”

स्पीकरवरचं बोलणं कौसल्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा आवाज चढला. “एसी होते तवा साऱ्यायचे दारं बंद. एक भंगारवाला या फाटकापाशी पडला. हाक मारली असन त्यानं. कोणालेच आयकू नाई आली. त्या दिवशी वीज वाचवली असती तरी तो मेलाच असता ना? आता हे दार बंद करू?”

“दार नका बंद करू,” रसिका कळवळून म्हणाली. “पण आठ घरं मिळून एक ओटा पुरेल. बाकीच्यांनी ओट्यावरचा पत्रा बंद ठेवून माणसं तिकडे पाठवायची. नाहीतर त्या टिनाच्या घरांना काहीच मिळणार नाही.”

 कौसल्याबाईंनी पार्सलवाल्याला आणि भाजीवालीला उठवलं, आपल्या पत्र्याचं बटण बंद केलं आणि माठ उचलून रस्ता ओलांडला. समोरच्या इंदू ठेंगणेशी एका जुन्या भांडणापासून त्या दोन वर्षं बोलत नव्हत्या.

“इंदू, आजपासून पाणी तुया ओट्यावर.”

 इंदूबाईंनी चटई अंथरली. मग कौसल्याबाई दारोदार फिरल्या. कुणी ऐकलं, कुणी तोंड फिरवलं. एकीनं तर स्पष्टच सुनावलं, “माया दारचं पुण्य मी काहून सोडू?” तरी पाचच्या सुमाराला रसिकाच्या टॅबवरची वापराची रेषा निम्म्याखाली आली.

“सर, एकही पत्रा मी बंद केला नाही,” ती फोनवर म्हणाली. “त्यांनीच केले.”

“आज केले. उद्याचं काय?”

 समोर इंदूबाईंच्या ओट्यावर कौसल्याबाई पाहुण्यासारख्या अवघडून बसल्या होत्या. रसिका जवळ गेली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

“तुयं गणित बरोबर हाय, बाई. पण एक सांग. आपल्या दारी कोणी आलंच नाई, तं आपण चांगले आहो हे आपल्याले कसं समजावं?”