तोंड वळव, शमू

लाईट गेलीच आहे तर बसा पोरांनो, सांगतो. पण मधेच कुणी हसायचं नाही. शांतवन माझ्या शेजारचा माणूस होता.

इस्लापूरच्या अलीकडे आमची वाडी. शांतवन तिथं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा. वाडीत ख्रिस्ती घर ते एकच, पण कधी कुणाला परकं वाटलं नाही. मागच्या साली, गौरी गेल्या त्या दिवशी, त्याचा एकुलता एक पोरगा शमुवेल सहस्रकुंडाच्या धबधब्यावर पाय घसरून पैनगंगेत पडला. पट्टीचे पोहणारे उतरले, गळ टाकले, होड्या फिरल्या. पोरगा काही सापडला नाही. बायको केवळाबाईनं अंथरूण धरलं. शांतवन दिवसभर काठावर हिंडायचा आणि रात्रभर गुडघ्यावर असायचा. प्रार्थना करून करून घसा बसला त्याचा.

गणपती उठले, त्याच्या दुसऱ्या रात्री केवळाबाईला ताप चढला. शांतवन गाडी काढून इस्लापूरला गेला, मेडिकलवाल्याला उठवून गोळ्या घेतल्या आणि माघारी निघाला. पौर्णिमा होती. साडेअकराचा सुमार. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

ओढ्याच्या पुलावर आला आणि त्याच्या ध्यानात आलं, धबधब्याचा आवाज येत नाही. आमच्याकडं पावसाळाभर तो आवाज कानात असतो. त्या रात्री बंद. त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. काहीच नाही... रातकिडासुद्धा नाही.

"बाबा."

पुलाखालून. त्यानं कठड्यावरून वाकून पाहिलं. कमरेइतक्या पाण्यात एक पोरगा पाठमोरा उभा. तोच निळा शर्ट. तेच किडकिडीत खांदे.

"शमू? ...तोंड वळव, लेकरा."

"वळवता येत न्हाई, बाबा. तू म्हणलास तरच."

"काय म्हणू?"

"म्हण, येशू माझा कुणी न्हाई. एकदाच म्हण. मग मी गाडीवर मागं बसतो. माय वाट बघून राहिली."

कठडा धरून शांतवन खाली बसला.

"इतके दिवस हाका मारल्यास त्याला," खालून आवाज आला. "आला का?"

"...न्हाई आला."

"मग?"

शांतवननं तोंड उघडलं. खोटं कशाला सांगू, उघडलं. 'येशू' एवढं म्हणाला... पुढचे शब्द जिभेवर होते. घरात तापानं फणफणलेली बायको. समोर पोरगा. एकच वाक्य. आणि ऐकायला तिथं होतं कोण?

"म्हण ना, बाबा... पाणी लई गार हाय."

शांतवन ओक्साबोक्शी रडायला लागला.

"तू माझा शमू असशील," तो म्हणाला, "तर तू त्याच्याजवळ हायस. त्यालाच सोडलं, तर तुला कुठं हुडकू मी? ...न्हाई म्हणणार."

"बाबा..."

"न्हाई."

"बाबा, मी चाललो..."

त्यानं डोळे गच्च मिटले. लहानपणी पाठ केलेली प्रार्थना सुरू केली. अर्ध्यात विसरला. पुन्हा सुरू केली. पुन्हा विसरला... खाली पाणी हललं. एकदा.

मग... काही नाही.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. धबधबा परत ऐकू आला तेव्हा ओढा रिकामा होता. शांतवननं घरी येऊन बायकोला गोळी दिली आणि भिंतीला टेकून बसला. "मीच माझ्या लेकराला पाण्यात सोडून आलो," एवढंच सकाळपर्यंत पुटपुटत होता.

उजाडता उजाडता मासे धरणारा चंद्रप्पा पळत आला. पोरगा सापडला होता. ओढा नदीला मिळतो तिथं, खडकावर. आम्ही चौघांनी उचलून आणला. पायाकडून मी होतो. इतके दिवस पाण्यात राहिलेल्या देहाचं काय होतं, ते तुम्हाला सांगत नाही. केवळाबाईला बघू देऊ नका, सगळे म्हणत होते. पण ती उठली, भिंतीला धरत आली, आणि तिनं डोक्यावरचं फडकं बाजूला केलं.

केस कोरडे होते. चापून बसवलेले. सरळ भांग पाडलेला, पोराला शाळेत धाडताना आई पाडते तसा. तिनं त्यावरून हात फिरवला... आणि बोटं आमच्यासमोर धरली.

बोटांना तेल लागलं होतं.