एकशेआठ पावले आणि झुलता पूल

वारा पडलेला होता, पूल रिकामा होता, तरीही फाटक उघडेना. फाटकावरच्या फलकावर तांबडी अक्षरे झळकत होती: ‘१८०० मिलिहर्ट्झ वर्ज्य.’

शाल्मलीच्या मागे लेझीम घेतलेल्या चाळीस मुली खोळंबल्या होत्या. दोन डोंगरांना जोडणाऱ्या या पुलाचे आज उद्घाटन. लेझीम खेळत तो सर्वांआधी ओलांडण्याचा मान त्यांच्या शाळेला मिळाला होता. तीन महिन्यांचा सराव एका न कळणाऱ्या आकड्यापाशी अडावा, हे पथकप्रमुख शाल्मलीला मुळीच मान्य नव्हते.

“सेतुपालकाका, फाटक उघडा ना! पूल धडधाकट आहे, असं सकाळी तुम्हीच म्हणालात,” तिने पुलाच्या राखणदार यंत्रमानवाला विनवले.

“पूल धडधाकटच आहे. अडचण तुमच्या लयीची आहे. मिनिटाला किती पावलं टाकता?”

“एकशेआठ. हलगीच्या ठोक्याला एक पाऊल. तुमच्या फलकावर तर अठराशे आहेत! दोहोंचा संबंध काय?”

“आकडा कशाचा, हे न पाहताच तुलना करतेस? तुझी वेणी चाळीस सेंटिमीटर, पूल दोनशे मीटर. म्हणून काय वेणी पुलाच्या एकपंचमांश झाली?”

हलगीवाला अमीन फिस्सकन हसला. शाल्मलीने त्याच्याकडे बघून डोळे वटारले.

सेतुपाल सावकाश सांगू लागला, “वारंवारता (ठरावीक वेळात एखादी क्रिया किती वेळा घडते ती संख्या) तू मिनिटावर मोजतेस, मी सेकंदावर. सेकंदाला एक आवर्तन म्हणजे एक हर्ट्झ. मिलिहर्ट्झ हा त्याचा हजारावा भाग. आता अठराशेला हजाराने भाग.”

“एक पूर्णांक आठ दशांश हर्ट्झ. म्हणजे सेकंदाला एक पूर्णांक आठ दशांश. मिनिटाचे सेकंद साठ, म्हणून गुणिले साठ...” शाल्मलीचा आवाज एकदम उतरला. “एकशेआठ!”

“हीच या पुलाची स्वतःची लय. झोपाळ्याला नेमक्या क्षणी हलकेच ढकललं, तरी तो उंच जातो ना? तसाच हा अनुनाद (बाहेरचे धक्के वस्तूच्या लयीशी जुळल्याने हेलकावे वाढत जाणे). पूल कोसळेल असा माझा दावा नाही. पण मध्यावर तुम्हाला उभंही राहता येणार नाही.”

“मग काय, लेझीम गुंडाळून चालत जायचं?”

“तो एक मार्ग. दुसरा तू शोध. दीड हर्ट्झच्या खाली राहाल, तर फाटक उघडीन.”

दीड गुणिले साठ, नव्वद. त्याच्याही खाली राहिलेले बरे. “चौऱ्याऐंशी!” ती म्हणाली. “एक पूर्णांक चार दशांश हर्ट्झ.”

“चौदाशे मिलिहर्ट्झ,” सेतुपालने दुजोरा दिला.

“चौऱ्याऐंशी? वरातीसारखं रेंगाळायचं की काय!” अमीन कुरकुरला, पण त्याने ठोका संथ केला आणि फाटक उघडले.

अर्धा पूल सुखरूप सरला. तेवढ्यात पैलतीरावरच्या गर्दीने जल्लोष केला आणि अमीनच्या अंगात वारे शिरले. हलगी चढू लागली. पायांखालच्या फळ्या उचलल्यासारख्या झाल्या. मागे कुणीतरी किंचाळले.

शाल्मलीने घड्याळाकडे पाहत दहा सेकंदांतले ठोके मोजले. हवे होते चौदा, भरले सतरा. एक पूर्णांक सात दशांश हर्ट्झ, मिनिटाला एकशेदोन! ती गर्रकन वळली आणि अमीनपुढे उलट पावली चालू लागली.

“अमीन, माझ्या हाताकडे बघ! हात खाली आला की एक ठोका. मध्ये एकही नको!”

ठोके विरळ झाले. सोळा, पंधरा... चौदा. फळ्यांचे हेलकावे हळूहळू मंदावले आणि चाळीस लेझिमा पुन्हा एकदम छनकल्या.

पैलतीरी पोचल्यावर अमीन खजील होऊन म्हणाला, “वेग कधी चढला, मला कळलंच नाही गं.”

“म्हणून तर मोजायचं,” शाल्मली म्हणाली. तिचा तळहात पुलाच्या जाड तारदोरावर टेकलेला होता. आतली संथ थरथर तिला जाणवत होती.

खांबावरच्या ध्वनिवर्धकातून सेतुपालचा आवाज आला. “या खोऱ्यात आणखी सात पूल उभे राहायचे आहेत. त्यांची लय अजून कुणालाच ठाऊक नाही.”

“मग मला बोलवा, काका,” ती म्हणाली. “पण मी मिनिटावर मोजणार. हर्ट्झ तुम्ही करून घ्या!”