चार निवडतोय

खंडाळ्यात दरीच्या कडेला एक बंगला आहे. मालक मुंबईला असतात, वर्षातून दोनदा येतात. बाकीचे दिवस तो बंगला शिदूचा. म्हणजे झाडायचा, पुसायचा, बाग राखायची, तेवढ्यापुरता. शिदूचं मूळ घर तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला वाडीत, पण तीसएक वर्षं तो आणि त्याची बायको सावित्राबाई बंगल्यामागच्या खोलीतच राहिली. सात वर्षांपूर्वी सावित्राबाई गेली. शिदू राहिला, आणि खरं सांगायचं तर बऱ्यापैकी सुखात राहिला. पेरूला कळ्या आल्या की खूश, वानरांनी त्या खाल्ल्या की वानरांवर खूश, असा माणूस.

श्रावणातली दुपार होती. पाऊस उघडला होता. शिदू शिडी लावून पन्हळीतला पाला काढत होता आणि दरीतून धुकं वर येत होतं. तिथलं धुकं अंगावर धावत येत नाही, बिचाऱ्यासारखं येतं. आधी दरी जाते, मग झाडं जातात, मग शिडीवरच्या माणसाला आपलेच पाय दिसेनासे होतात. वास तेवढा राहतो, ओल्या मातीचा आणि कुजक्या पानांचा.

खालून हाक आली. "आबा, आत येऊ का? मागची पडवी बघायचीय."

असे लोक आठ दिवस येत होते. त्याचं असं झालं, की गेल्या हिवाळ्यात या बंगल्यात वीस दिवस चित्रीकरण चाललं होतं. मोबाइलवर बघायची, खुनांची मालिका. तिच्या या हंगामाचे शेवटचे दोन भाग नुकतेच आले होते आणि पुण्या-मुंबईची माणसं ते बघून वेडी झाली होती. मालकांनी निरोप धाडला होता, की बागेत येऊ दे, घरात नको. लोक यायचे, मागच्या पडवीत उभे राहायचे, हाताची चार बोटं वर करायचे आणि फोटो काढायचे. काहींच्या शर्टांवरही चार बोटं छापलेली. शिदूला वाटलं, हा नवा रामराम असेल. म्हणून जो येईल त्याला तोही चार बोटं दाखवायचा. पोरं हरखून जायची. त्याचेही फोटो निघाले.

आजची जोडी पुण्याची. आरती आणि तुषार, नवरा-बायको. शिदूनं शिडीवरूनच चार बोटं दाखवली आणि तो खाली आला.

पडवीत पोचेपर्यंत दोघांचं वाजलंच होतं.

"सहाव्या भागापर्यंत काय पकड होती," तुषार म्हणत होता. "आणि शेवटी काय? खुनी धुक्यात नाहीसा. गुंडाळलं."

"गुंडाळलं नाही, मोकळं सोडलं. तुला सगळं भरवायला लागतं."

"तू रडलीस म्हणून तुला चांगलं वाटलं."

"तो इन्स्पेक्टर इथे एकटा उभा राहतो ना, तिथे दगडपण रडेल. तू घोरत होतास."

शिदूला गंमत वाटली. त्यानं दोघांना बसायला पाट दिले आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं. "ताई, ही चार बोटं कशाची वो?"

आरतीनं त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे? तुमचा फोटो तर सगळीकडे फिरतोय. आणि तुम्हालाच माहीत नाही?"

मग तिनं समजावून सांगितलं. शेवटच्या भागात शेवटी इन्स्पेक्टर या पडवीत येतो. कुणी नाही. अर्धा मिनिट नुसती शांतता. आणि कानात यंत्र घालून, आवाज मोठा करून ऐकलं तर त्या शांततेत कुणीतरी कुजबुजतं: चार निवडतोय. म्हणजे खुनी पुढचे चार बळी निवडतोय. ते चार कोण, यावर लोकांची रोज भांडणं चालली होती.

"आणि मजा म्हणजे," तुषार म्हणाला, "बनवणारे म्हणतात, आम्ही असं काही टाकलेलंच नाही. तिथे फक्त या जागेची शांतता आहे."

ती शांतता शिदूला ठाऊक होती. चित्रीकरणाच्या वेळी आवाज भरणारा एक जाड, घामट माणूस होता. शेवटच्या दिवशी चारच्या सुमारास त्यानं सगळ्यांना पडवीत जागच्या जागी उभं केलं होतं. कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही. कशासाठी? तर या जागेची नुसती शांतता यंत्रात भरून घ्यायची होती, प्रत्येक जागेची वेगळी असते म्हणे. पन्नास माणसं मिनिटभर देवळातल्या मूर्तींसारखी उभी. शिदूही उभा. तेव्हा कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

"ऐका तुम्ही," आरती म्हणाली, आणि तिनं त्या यंत्राची बोंडं त्याच्या कानात घातली.

आधी खरखर. मग पोकळ, जड शांतता, रांजणात डोकं घातल्यासारखी. मग अगदी कानाशी, धापेत, दमल्या आवाजात...

"अवं... च्या निवतोय."

शिदूनं बोंडं कानात आणखी घट्ट दाबली.

"ऐकलंत? चार निवडतोय."

"पुन्यांदा लावा," शिदू म्हणाला.

तिनं तीनदा लावलं. चौथ्यांदा त्यानं हात वर केला. "ताई, ते चार न्हाई. च्या हाय. च्या निवतोय. चहा गार व्हतोय, असं म्हनतीय ती."

"ती कोण?"

"आमची मंडळी."

तुषार हसला. आरतीनं बोंडं आपल्या कानात घातली, ऐकलं, आणि तिचा चेहरा बदलत गेला. एकदा तसं ऐकल्यावर तिला दुसरं काही ऐकूच येईना. तिनं तुषारला दिलं. त्यानंही ऐकलं आणि हसायचा थांबला.

"तुमची मंडळी... कुठे असतात?" त्यानं विचारलं.

"सात वर्षं झाली," शिदू म्हणाला, आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवायला उठला. धुक्यात गाडी सावकाश न्या, असंही सांगितलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. सावित्राबाईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. हाक मारायची ती अशीच. चारला गुळाचा चहा टाकायची, पडवीत यायची आणि म्हणायची, अवं, च्या निवतोय. शिदू बागेतून 'आलो' म्हणायचा. ती गेली त्या दिवशीही तिनं हाक मारली होती. शिदू आळं करत होता. माती भुसभुशीत लागली होती, हात चालत होता. वाटलं, एवढं आळं उरकू, मगच ओ देऊ. आळं उरकून आला तर चहावर साय धरली होती आणि ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. हात लावल्यावर कळलं.

बाकी कशाचं त्याला काही वाटत नसे. माणूस जायचंच. पण तेवढं एक 'आलो' राहून गेलं होतं, आणि ते दातात अडकलेल्या सालपटासारखं सात वर्षं सलत होतं.

संध्याकाळी नंदाबाई आली. ती शेजारच्या दोन बंगल्यांची झाडलोट करते, दुपारनंतर इथंही शिदूला हातभार लावते; तोंडानं फटकळ, मनानं चांगली. शिदूनं तिला सगळं सांगितलं. तिनं केरसुणी खाली ठेवली.

"आबा, हाक आली ती आली. ओ द्यायचा न्हाई."

"का गं?"

"तुमाला म्या सांगू? मेल्या मानसाच्या हाकंला ओ दिला का त्येला वाट घावती. त्येला यायला, न्हाईतर तुमाला जायाला."

"ती कशाला वंगाळ करंल? च्या घ्याया बोलावतीय."

"कोनचा च्या, आबा?" नंदाबाई हळूच म्हणाली. "कुटं टाकलाय तिनं?"

शिदूनं खाली ठेवलेली केरसुणी उचलून तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी चारला तो पडवीत जाऊन उभा राहिला. धुकं पायरीपर्यंत आलं होतं. पानांवरून ठिबकणारं पाणी थांबलं. दरीतून मालगाडीचा आवाज येत होता तोही कुणी हात ठेवावा तसा बंद झाला. त्याला आवाज भरणाऱ्या त्या माणसाची आठवण झाली. हीच ती, यंत्रात भरलेली शांतता. मग वास आला. गुळाचा, गवती चहाचा, ओल्या लाकडाच्या धुराचा. बंगल्यात चूल पेटून सात वर्षं झाली होती.

हाक काही आली नाही. ती आधीच मारून झाली होती.

नंदाबाईचं बोलणं त्याला आठवत होतं. ते खरं असणार, हेही त्याला पटत होतं. तरी त्यानं घसा साफ केला आणि बागेतून म्हणायचा तसं, जरा मोठ्यानं म्हटलं, "आलो गं... आलो."

काही झालं नाही. जरा वेळानं पानं ठिबकायला लागली. शिदू खोलीत जाऊन झोपला तो दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. अशी झोप त्याला कैक वर्षांत लागली नव्हती.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. तो पेरूच्या झाडाखाली गुणगुणताना दिसायचा. एक मात्र नंदाबाईच्या ध्यानात आलं. चारला ती चहा ठेवायची आणि तो तसाच राहायचा.

"आबा, च्या का घेत न्हाई?"

"झालाय की गं," शिदू म्हणायचा. आणि म्हणून झाल्यावर त्यालाच नवल वाटायचं, कारण कुठं झाला ते त्याला आठवत नसे. तोंडात मात्र गुळाची चव असायची. घरात तर साखरच होती.

पंधरा दिवसांनी आरती आली, एकटीच. पडवीची पायरी ती चढली नाही. बागेतच उभी राहिली.

"आबा, लोक वेड्यासारखे भांडतायत. ती कुजबूज गेली. आता तिथे दुसरंच ऐकू येतं. बनवणारे म्हणतात, आम्ही हातच लावला नाही. कुणी म्हणतं, हाच खुनी, त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकवला. मला तसं वाटत नाही. म्हणून आले."

शिदूनं बोंडं कानात घातली. खरखर. ती शांतता. मग बशीतून चहा ओढल्याचा लांब फुरका, आणि पाठोपाठ समाधानाचा 'हां'. मग पुरुषाचा आवाज, खालचा, लाडीगोडीचा.

"जरा दम धर... कडी घालून येतो."

आवाज शिदूचा होता. त्यात शंकाच नव्हती. फक्त हे वाक्य त्यानं अजून कधी म्हटलं नव्हतं.

"आबा, तुम्हीच ना हे?" आरतीनं विचारलं.

"व्हय," शिदू म्हणाला. त्यानं बोंडं धोतराला पुसून तिला परत दिली. "पन घाई न्हाई, पोरी. पेरू उतरवायचेत."

पडवीत उघडणाऱ्या मागच्या दाराला तिन्हीसांजेला आतून कडी घालायचं काम इतकी वर्षं शिदूचं. त्या दिवसापासून त्यानं ते सोडलं. नंदाबाई निघताना कडी घालते, आणि पुढल्या दारानं बाहेर पडून किल्ली त्याच्या हातात देते. तो तिला पेरू देतो, चेष्टा करतो, मजेत आहे. लोक अजून येतात, चार बोटं दाखवतात, तोही दाखवतो.

नंदाबाई भावाकडे भुशीला गेली, की मागचं दार उघडंच राहतं. शिदू त्याच्याजवळसुद्धा जात नाही. सकाळी किल्लीनं पुढलं दार उघडून, रिकामा बंगला ओलांडून तो मागं जातो, तेव्हा दार लागलेलं असतं आणि आतून कडी घातलेली असते.