खालच्या हाताची मूठ

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी कुणाच्या पाया पडायला आलेलो नाही.

आणि ही गोष्ट रात्रीची तर मुळीच नाही. आधीच सांगतो, कारण लोकांना वाटतं भुतं घड्याळ बघून येतात.

बुधवार होता. ऑक्टोबर महिना, साल १९७९. भर दुपारी, सान हुआन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या वरच्या रानात.

मी एलादियो. आज बुएनाव्हेंतुरा बंदरात माझं सुतारकामाचं दुकान आहे. पोरं येऊन विचारतात, "काका, लाकडाला भुंगा लागू नये म्हणून काय करावं?" मी सांगतो, चंद्र उतरणीला लागला की झाड तोडा. चढत्या चंद्रात तोडलंत तर तुमच्या आधी भुंगाच घरात राहायला येईल. पोरं खिदळतात. खिदळू देत. कपाटातून भुसा गळायला लागला की माझ्याच दारात येतात.

दुसरी एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितली नाही.

तेव्हा आमच्या रानात यंत्राची करवत नव्हती. आमची करवत माणसापेक्षा उंच. लाकडाचा उंच मांडव बांधायचा, त्यावर ओंडका चढवायचा, त्यावर कापायची रेघ आखायला सूत मारायचं. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली. वरचा करवत वर घेणार, खालचा खाली ओढणार. कापते ती खाली येताना.

वरच्याला खालचा दिसत नाही. नुसती त्याची ओढ कळते. पण चार दिवस एकत्र कापलं ना, की बायकोच्या पावलांसारखी ती ओढ ओळखीची होते.

खालची मूठ निघते. पाचर ठोकून ती पात्याला बसवतात. ज्याची त्याची मूठ वेगळी, ज्याच्या त्याच्या हातानं कोरलेली. आणि आमच्याकडे रीत अशी, की खालचा माणूस मेला की त्याची मूठ त्याच्याबरोबर शवपेटीत जाते.

जायलाच हवी.

माझा खालचा माणूस होता सातुर्निनो काका. अकरा वर्षं आम्ही एकत्र कापलं. भुशानं छाती भरली आणि जूनमध्ये गेला बिचारा. पेटी मी बनवली. मूठ ठेवायचं काम माझंच.

मी ठेवली नाही.

गुआयाकानच्या लाकडाची मूठ होती ती. लोखंडासारखी टणक आणि घासून घासून गुळगुळीत झालेली. ती मातीत घालायला मन होईना हो माझं. खरं सांगायचं तर मला त्याची आठवण जवळ हवी होती. मी मऊ लाकडाची एक नवी मूठ कोरली, पेटीत ती ठेवली, आणि खरी माझ्या पेटाऱ्यात गेली. कुणाला पत्ता लागला नाही.

निदान जिवंत माणसांपैकी कुणाला नाही.

त्या वर्षी पुरानं माझ्या बहिणीचं, एउफेमियाताईचं घर नेलं. दोन पोरींना घेऊन ती शेजाऱ्यांच्या ओसरीवर झोपत होती. नवीन घराला फळ्या हव्या होत्या आणि चंद्र उतरायचे तीनच दिवस उरले होते. दुसरा माणूस मिळेना. म्हणून मी तार्सिसियो दाजींना घेऊन रानात गेलो.

दाजी नदीचा माणूस. होडी चालवायची, मासे धरायचे, माशासारखं पोहायचं. करवत आयुष्यात धरलेली नाही.

निघताना ताई होडीपर्यंत आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "एलादियो, घर मागंपुढं होईल. ह्यांना मात्र नीट परत आण."

"काय वाघाच्या तोंडी देतोय का?" मी हसलो.

पहिल्याच दिवशी दाजींच्या तळहातांना फोड आले. त्यांच्यासाठी मी घाईत कोरलेली मूठ टोचत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती चुलीत घातली, पेटारा उघडला आणि काकाची मूठ पात्याला बसवून दिली.

"ही घ्या दाजी. लोण्यासारखी आहे."

"अरे वा! काल कुठं लपवली होतीस रे, मेहुण्या? माझे हात सोलायची वाट बघत होतास?"

"तुम्ही लग्नात माझी टोपी नदीत फेकली होतीत. हिशेब फिटला."

दाजी मांडवाखाली गेले. काम सुरू झालं.

दाजी म्हणजे गप्प बसणारा माणूस नव्हे. खालून सारखं चालू. "मेहुण्या, डोळ्यात भुसा टाकू नकोस." "मेहुण्या, तुझ्या चपलेला वास मारतोय." मध्येच खोकायचे, मध्येच शिव्या घालायचे. ओढ तर अशी वेडीवाकडी, की मला दर वेळी पातं सुतावर आणावं लागे.

सूर्य डोक्यावर आला.

आणि मग... ओढ बदलली.

लांब झाली. सरळ झाली. शेवटी किंचित डावीकडे झुकणारी.

माझ्या हाताला बरं वाटलं. हे कबूल करायची लाज वाटते, पण बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा करवत गात होती. मी म्हटलं, "वा दाजी! शिकलात की!"



"दाजी?"

खोकला नाही. शिवी नाही.

नुसती करवत... खाली... वर... खाली...

मी मान वर केली. वीस पावलांवर, ओढ्याकडून, टोपीत पाणी घेऊन दाजी येत होते.

करवत माझ्या हातातून खाली गेली.

कुणीतरी ओढली. शपथेवर सांगतो.

मी मूठ सोडून ओंडक्यावर बसकण मारली. दाजी जवळ आले. "काय रे, भूत बघितल्यासारखं तोंड झालंय?"

"तुम्ही कधी गेलात?"

"मघाशीच की. हाक मारून गेलो. तू वर बसून दम खात होतास."

मी बसलोच नव्हतो. मी खाली उतरलो. काप हातभर पुढे गेला होता, सुताच्या अगदी मधोमध. मांडवाखाली वाकून बघितलं. सकाळचा भुसा ओला होऊन पडला होता.

हातभर कापाचा ताजा भुसा... कुठंच नव्हता.

मग मला गप्प राहवेना. मी दाजींना सगळं सांगितलं. पेटी, मूठ, सगळं. आधी ते हसले. मग त्यांनी मुठीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मेलेल्या माणसाची वस्तू माझ्या हातात दिलीस? पोरीबाळींचा बाप आहे मी! लाज नाही वाटली?"

"चुकलं दाजी. आत्ता नेऊन पुरतो."

"आत्ताच्या आत्ता जा. नाहीतर तुझ्या ताईला सांगेन."

पाचर निघता निघेना. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं ठोकून काढली. मूठ शर्टात गुंडाळली. जाताना बजावलं, "करवतीला हात लावू नका. मांडवाखाली जाऊ नका. त्या झाडाखाली बसा आणि केळं भाजून खा."

"जा रे बाबा. तू काय मला शिकवतोस?"

दाजींचं हेच शेवटचं वाक्य माझ्या लक्षात आहे. का शेवटचं, ते पुढं कळेल.

होडीनं अर्धा तास. दफनभूमी गावाच्या वर, टेकाडावर. कुणी नव्हतं तिथं. काकाच्या कबरीच्या डोक्याशी कोपरभर खड्डा केला, मूठ ठेवली, माफी मागितली, माती लोटली, पायानं दाबली. आणि तडक परत फिरलो.

ओढ्याच्या तोंडाशी आलो... आणि आवाज आला.

खर्रर... खर्रर...

करवतीचा.

दुसरा माणूस नाही. खालची मूठ नाही. मग कापतंय कोण?

मी होडी तशीच सोडली आणि चिखलातून धावत सुटलो. जवळ पोचलो तसा आवाज थांबला. ओंडक्यावर कुणी नव्हतं. दाजी खाली, मांडवात उभे होते. अंगावर भुसा. पात्याला नवी मूठ बसवलेली, ताजी कोरलेली, कडा घासून गोल केलेल्या.

दाजींना साधी पाचर तासता येत नव्हती हो.

"दाजी, ही कुणी केली?"

त्यांनी अंगावरचा भुसा झटकला. मग शांतपणे म्हणाले, "चढ वर, पोरा. ऊन कलतंय."

दाजी मला मेहुण्या म्हणायचे. लग्नाच्या दिवसापासून. रानात मला पोरा म्हणणारा एकच माणूस होता.

तुम्ही म्हणाल, मग पळालास का नाही? त्यांना धरून का आणलं नाहीस?

मी वर चढलो.

आम्ही अंधार पडेपर्यंत कापलं. दुसऱ्या दिवशीही कापलं. ओढ लांब, सरळ, शेवटी किंचित डावीकडे. एक शब्द नाही, एक शिवी नाही. सगळ्या फळ्या वेळेत निघाल्या. इतक्या सरळ फळ्या त्या नदीवर कुणी बघितल्या नव्हत्या.

ताईचं घर उभं राहिलं. आजही आहे. एक भुंगा लागलेला नाही.

वर्षभरानं ताई दुपारची माझ्याकडे आली. दारातच बसली. मग म्हणाली, "एलादियो, हे होडीत बसत नाहीत."

"थकले असतील."

"नदीच्या काठाला जात नाहीत. धाकटी पाण्यात पडली तर लांबूनच ओरडत राहिले. शेजाऱ्यानं उडी मारली. तुझे दाजी, एलादियो! पाण्याला घाबरतायत!"

 सातुर्निनो काकाला पोहता येत नव्हतं. ओढा ओलांडायचा तर मी त्याला पाठीवर घ्यायचो. ताईला हे माहीत नव्हतं.

"चांगलं वागतात. काम करतात. पोरींवर आवाज चढवत नाहीत," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "पण हा माझा माणूस नाही रे. माझा माणूस कुठंय?"

मी तिला म्हटलं, "वेडी आहेस का? जा घरी." असं म्हटलं मी. सख्ख्या बहिणीला.

ती गेली. पुन्हा कधी तिनं विचारलं नाही. एकवीस वर्षं ती त्या माणसाबरोबर राहिली, आणि तो गेला तेव्हा रडली नाही.

एवढं सगळं सांगितलं, पण एक राहिलं. ते मी ताईला सांगितलेलं नाही, पाद्रीबाबांनाही नाही.

त्या दुपारी कबरीवर मी माती लोटत होतो ना, तेव्हा हाक आली होती.

"मेहुण्या..."

मला वाटलं, दाजी मागोमाग आले. मी वळून बघितलं. टेकाड मोकळं होतं.

पुन्हा आली. अगदी स्पष्ट, घाईची, घाबरलेली.

"मेहुण्या... अरे थांब!"

आवाज मागून येत नव्हता. पायाखालून येत होता.

मला सगळं कळलं होतं, असं नाही म्हणणार. पण काहीतरी कळलं होतं. आणि मी घाबरलो. मी उरलेली माती भराभर लोटली आणि दोन्ही पायांनी दाबली.