मागच्या पोर्शनमधलं बोलणं

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही. मी त्या घरची सून होते आणि जे सांगतेय ते माझ्या कानांनी ऐकलंय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

साल १९५८. मद्रास, टी. नगर. मे महिन्यातली दुपार.

हो, दुपारच. रात्री त्या घरात कधीच काही झालं नाही.

मी पुण्याची. सासर तंजावरच्या मराठी लोकांचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं. त्यांची मराठी पहिल्या वर्षी मला अर्धीच समजायची. घराच्या मागे दोन खोल्या आणि विहीर होती. त्याला सगळे 'पोर्शन' म्हणत. तिथे भाड्याने राहायच्या सकवारबाई.

सासूबाईंची ही तंजावरपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यावर सासूबाईंनीच तिला हौसेने बोलावून घेतलं होतं. दोघी दुपारी विहिरीपाशी बसून कॉफी प्यायच्या आणि साऱ्या गल्लीची उणीदुणी काढायच्या.

मग माझी नणंद सरोजा पहिल्या बाळंतपणासाठी मद्रासजवळच्या आवडी गावाहून, सासरहून, माहेरी आली.

आणि सासूबाईंना अचानक आठवलं की मैत्रीण विधवा आहे. पदरी पोर नाही. पोटुशी मुलीला सकाळी उठल्याउठल्या तिचं तोंड दिसायला नको.

पण मैत्रिणीला घर सोड कसं म्हणायचं? परकी भाडेकरू असती तर तोंडावर सांगितलं असतं. इथे तोंडदेखली माया आड येत होती. मग सासूबाईंनी विहिरीचा दोर काढला आणि स्वतःच्या कपाटात ठेवून दिला.

कत्तिरीचे दिवस होते. मद्रासच्या उन्हाळ्यातले सगळ्यात वाईट. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं. सकवारबाईंनी दोराबद्दल एकदाच विचारलं. सासूबाई म्हणाल्या, तुटला, नवा आणायचाय. मी पुढच्या नळावरून कळशी भरून त्यांना चोरून न्यायला निघाले, तर सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि झाडाच्या मुळाशी ओतली.

सकवारबाई दारातून बघत होत्या. त्यांचे ओठ फुटले होते.

दुसऱ्या दुपारी त्या पिशवी घेऊन निघाल्या.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्यात निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतात. तिकडच्या तमिळ लोकांतही तीच रीत. आणि समोरच्याने 'ये' म्हणायचं.

सकवारबाई उंबऱ्यावर थांबल्या आणि सासूबाईंना नावाने म्हणाल्या,

"जाऊन येतें गे, सुंदरी."

सासूबाईंचं लक्षही नव्हतं. सवयीने तोंडातून गेलं, "ये गे."

संध्याकाळी एग्मोर स्टेशनवरून निरोप आला. तंजावरच्या गाडीची वाट बघत एक बाई बाकावर बसली होती... बसल्या जागीच गेली. उन्हानं.

सासूबाईंनी अंघोळ केली आणि सरोजाला आंबा कापून दिला.

मग एका भर दुपारी मी उष्टी काढत होते. मागून आवाज आला...

कुईं... कुईं...

विहिरीची कप्पी.

मी धावत गेले. कप्पी गरगर फिरत होती. तिच्यावर दोर नव्हता.

पण बंद पोर्शनच्या पायरीवर पाणी सांडलं होतं. थंडगार.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आतून ताज्या कॉफीचा वास आला. नेहमी विहिरीवर बसणारे कावळे यायचे बंद झाले. सासूबाईंनी हाय खाल्ली. स्वतःसाठी नव्हे. सरोजाचे दिवस भरत आले होते, आणि ही बाई तिच्या पाळण्याला हात लावेल, हेच त्यांनी धरून ठेवलं.

वाध्यारांना, म्हणजे घरच्या भटजींना, बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, जाताना तुम्ही काय म्हणालात? ते ऐकून म्हणाले, मग बोलावलेलं माणूस येणारच. आता तुम्हीच दारात उभ्या राहून 'जा' म्हणा.

सरोजाला पुढच्या खोलीत निजवलं. सासूबाई पोर्शनच्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे. कप्पी फिरत होती.

"जा," त्या म्हणाल्या. "पुन्हा येऊं नको."

कप्पी थांबली.

मी श्वास सोडला. आणि आमच्या पाठीमागून आवाज आला... अगदी शांत.

"बरं अम्मा. जातें."

सरोजा उभी होती. डोळे उघडे, पण नजर झोपेतली. तिच्या साडीवरून पाणी गळत होतं.

दवाखान्यातून ती परत आली नाही. बाळही नाही. डॉक्टरांनी काहीतरी कारण सांगितलं. ते खोटं नसेलही.

मला वाटलं, आता तरी संपलं. कसलं संपतंय!

दिवसकार्य उरकल्यानंतरची दुपार. पोर्शनमधून बोलणं ऐकू आलं... दोन बायकांचं. हळू, निवांत. मध्येच तान्ह्या बाळाचं कुरकुरणं.

सासूबाई धावल्या. दार ढकललं.

आतून कडी होती.

माझ्या नवऱ्याने दार फोडलं. आत कोणी नव्हतं. नुसती धूळ. नवं दार बसवलं. दुसऱ्या दुपारी तेही आतून बंद.

सासूबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. रोज दुपारी त्या दाराला कान लावून बसायच्या. "सरोजा, दार उघड गे. एकदा बाळ दाखव." मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. भीती मात्र वाटायची, आणि अजून वाटते. आजही दुपारी मी घरात एकटी थांबत नाही.

कारण सासूबाईंनी हाक मारली की आतलं बोलणं थांबायचं. दोघी ऐकत असायच्या.

मग एक जण खुदकन हसायची... आणि बोलणं पुन्हा सुरू व्हायचं.

ते हसू सकवारबाईंचं नव्हतं. माझ्या नणंदेचं हसू मी ओळखते.